रेघेच्या टोकाला

खारदांड्याच्या मच्छीमार सोसायटीत, माडीवर,
बर्फाच्या कारखान्याची घरघर भिंतीतून येत असताना
मी फळ्यावर एक चौकोन काढला. आत लिहिलं: होडी.
दुसऱ्यात: माणूस.
मधोमध एक कललेला, टोकावर उभा. त्यात: मालकी.
पोशा नाखवा म्हणाले, ही तर पत्त्यांतली चौकट.
मग दिवसभर आम्ही तिला चौकटच म्हणालो.

डिझेलच्या सवलतीच्या अर्जाला
एका होडीला एकच मालक हवा होता.
एकास एक. दोन्ही टोकांना एकेक आडवी दांडी.
सुबक दिसत होतं.
मी असली शेकडो चित्रं काढलीत,
पाचव्या मजल्यावर, एसीत,
जिथे होडी उलटून काही विचारत नाही.

"होरी तिगांची हाय," नाखवा म्हणाले.
"माझी, धाकलूची आन् जोमाची."

दांडी पुसली. तिथे तीन बोटं काढली.
ह्याला कावळ्याचा पाय म्हणतात, मी म्हटलं,
याचा अर्थ, अनेक.
सगळे एकदम खिडकीकडे वळले.
बाहेर बोंबलांच्या वलांडीवर
एक होताच, मान तिरकी करून.
कुणीही हसलं नाही. मला वाटलं, हसतील.

वालूबाईंना ह्या होडीत काही नाही,
पण बापाकडून माहुलच्या एका होडीत चार आणे,
नवऱ्याकडून इथल्या दुसरीत दोन.
म्हणजे दुसऱ्या टोकालाही कावळा.
अनेकांस अनेक.
अशा वेळी चौकट मोडावी लागते,
तिच्या जागी नवा चौकोन बसवावा लागतो,
कारण नात्यालाच आता स्वतःचं काही सांगायचं असतं:
किती आणे, कुठल्या सालापासून, कुणाच्या हातून.
पोशा, पाच आणे चार पै.
धाकलू, पाच आणे चार पै.
सचिव डॉमनिक वहीतून वाचत होते
आणि मी पैचं दशांशात काय करायचं
ह्या विचारात अडकलो.

जाळ्याला मी दुहेरी रेघेचा चौकोन दिला.
हे दुबळं, मी समजावलं,
कुणाचं ते सांगितल्याखेरीज ह्याला ओळख नाही.
"माझ्या हातचं जाळं," वालूबाई म्हणाल्या,
"काळोखात बोटानं वळखीन मी. मालक मेला तरी."
मी एक रेघ पुसली.
पुसताना बाही निळी झाली.

मग नेहमीचा प्रश्न, जो मी सगळ्यांनाच विचारतो:
कमीत कमी किती?
रेघेवर दांडी काढली तर असायलाच हवा.
गोल काढला तर
असेल, नसेल.

नाखवा गोलाकडे बघत राहिले.
जोमा अठरा वर्षांपूर्वी नारळी पुनवेनंतरच्या
दुसऱ्या खेपेला गेला, आला नाही.
दाखला काढला नाही.
पिंड ठेवला होता, दुपारपर्यंत उन्हात बसले,
दही लावलं, कबूल केलं, नाही नाही ते कबूल केलं.
शिवला नाही.
म्हणून वहीतलं नाव तसंच.
दर मोसमाला वाटा निघतो, डब्यात पडतो,
डबा भरला की वहिनीला जातो
आणि ती दरवेळी विचारते, कशाचे?

"तो गोल," नाखवा म्हणाले,
"जोमाच्या रेघेवर काढा."

एकट्याच्या रेघेवर काढता येत नाही.
गोल सगळ्यांसाठी असतो, नियम म्हणून,
कुणा एकासाठी वेगळा नाही.
हे मला नीट सांगता आलं असतं.
मी काढला.

अर्ज परत येईल, डॉमनिक म्हणाले. एकच नाव मागतील.
येऊ दे.

खाली उतरण्याआधी नाखवा फळ्याजवळ गेले,
बोट न टेकवता मोजलं.
"तीन. बराबर हाय. तिगं."

ती बोटं म्हणजे तीन नव्हेत, अनेक.
माझ्या ओठांवर आलं होतं.
वलांडीवरचा उडाला तेव्हा दिसलं
की त्याला मागे आणखी एक बोट असतं,
ज्याने तो दोरी धरून बसला होता.